काळाचौकीच्या कंडक्टर काकांची सकाळची ड्यूटी : एक प्रकरण अभ्यास

रुग्ण पुरुष, वय ५७. मुंबईच्या बेस्ट बससेवेत कंडक्टर, निवृत्तीला थोडेच महिने बाकी. राहायला काळाचौकीला, चाळीत तिसऱ्या मजल्यावर. घरी बायको आणि मुलगा. मुलगी लग्न होऊन बदलापूरला. आजार : मोठ्या आतड्याचा कर्करोग. परळ भागातल्या एका रुग्णालयात मी वैद्यकीय समाजसेविका आहे आणि त्यांच्या उपचारांच्या काळात माझी-त्यांची सतत गाठ पडायची. त्यांच्या परवानगीने हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वॉर्डात सगळे त्यांना काका म्हणायचे, म्हणून इथेही काकाच.

हे प्रकरण लिहावंसं वाटलं, कारण केमो चालू असलेल्या माणसाला आम्ही सगळे एकच सांगतो : झोपून राहू नका, थोडं चालत जा. माणूस मान डोलावतो, घरी जातो आणि झोपून राहतो. काकांचंही तसंच झालं होतं. त्यांच्या चालण्याची दुसऱ्या कुणाला गरज पडली, तेव्हा ते चालायला लागले. पण ते चालणं अंगावर येऊ नये म्हणून जी घडी बसवावी लागली, ती मला त्यांच्या उत्साहाइतकीच महत्त्वाची वाटते. एरवी सांगताना नेमका तोच भाग गळतो.

आजार आणि उपचार

२०२५च्या फेब्रुवारीत काकांना चाळीचा जिना चढताना धाप लागायला लागली. वय झालं, वजन वाढलं, ऊन्हाचं होतंय असं करत दीड महिना गेला. मग रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ७.८. पन्नाशी उलटलेल्या पुरुषाचं रक्त कारणाशिवाय इतकं कमी झालं असेल, तर पोटात कुठे रक्तस्राव होतोय का हे बघायलाच हवं. लोहाच्या गोळ्या लिहून विषय संपवता येत नाही. इथे डॉक्टरांनी वेळ न घालवता कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, करायला लावली. उजव्या बाजूला, मोठं आतडं जिथे सुरू होतं तिथे, गाठ निघाली. एप्रिलमध्ये शस्त्रक्रिया झाली. तपासणीत आतड्याजवळच्या पाच लिम्फ नोडमध्ये (लसिका गाठींमध्ये) रोग पोचलेला दिसला, म्हणून सहा महिन्यांची केमो ठरली.

केमोची रचना इथे सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. दर तीन आठवड्यांनी एकदा ऑक्सॅलिप्लॅटिन हे औषध सलाईनमधून. त्यानंतर कॅपेसिटाबिनच्या गोळ्या १४ दिवस, सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर अर्ध्या तासात. मग ७ दिवस गोळ्या बंद. असे आठ फेरे. ऑक्सॅलिप्लॅटिनमुळे पहिले काही दिवस गार काहीही सोसत नाही : फ्रिजचं पाणी प्यायलं की घशात काटे, गार वारा लागला की बोटांत मुंग्या. पुढे पुढे ही बधिरता मुक्कामालाच येते. कॅपेसिटाबिनचा त्रास तळहात आणि तळपायांना. कातडी लाल होते, आग होते, कधी सोलपटते. शिवाय जुलाब, आणि पांढऱ्या पेशी कमी होण्याची भीती.

पहिल्या केमोनंतर काका जे पलंगावर बसले ते बसलेच. काकी मायेने सगळं हातात द्यायच्या. पाण्याचा तांब्या उशाशी, जेवणाचं ताट मांडीवर, टीव्हीचा रिमोट हाताशी. "तुम्ही उठू नका" हे वाक्य त्या घरात दिवसभर चालायचं. काकींना दोष देण्यासारखं यात काही नाही. ऑपरेशन झालेल्या माणसाची काळजी अशीच घ्यायची असते असं आपण सगळेच पाहत आलोय. पण कॅन्सरचा थकवा हा श्रमाच्या थकव्यासारखा नसतो, विश्रांतीने तो जात नाही. पडून राहिलं की मांड्यांचे स्नायू वाळतात आणि मग उठणंच जड होतं. फिजिओथेरपिस्टने ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठता येतं ते मोजलं, तर आठ. २९ वर्षं हलत्या बसमध्ये उभं राहून तिकिटं फाडलेला माणूस!

त्यांना रोज दोन वेळा दहा-दहा मिनिटं चालायला सांगितलं. दोन दिवस चालले, मग बंद. मी विचारलं तर म्हणाले, "मॅडम, काम नसताना नुसता रस्त्यावर फिरू? लोक विचारतात, काय कंडक्टर, कसं काय? काय सांगू त्यांना?"

मला हे उत्तर फार महत्त्वाचं वाटलं. त्यांच्या पायात बळ कमी होतं हे खरंच, पण घराबाहेर पडायला त्यांच्याकडे कारण नव्हतं. आयुष्यभर ते बाहेर पडले ते ड्यूटीसाठी.

कागद

दुसऱ्या केमोच्या दिवशी रक्ताच्या रिपोर्टची वाट बघत ते बसले होते. शेजारी एक बिहारचा मुलगा, आईला घेऊन आलेला. कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीच्या तोंडाला दोरी. लोकमान्य टिळक टर्मिनसला उतरल्यावर रिक्षावाल्याने हॉस्पिटलपर्यंत सोडतो म्हणून बसवलं आणि सायनला उतरवलं. मुंबईत रिक्षा सायनच्या पुढे येत नाहीत, हे त्या मुलाला कुठून ठाऊक असणार? तिथून टॅक्सी, टॅक्सीने दुसऱ्याच रुग्णालयाच्या दारात, तिथून चालत. आई जिन्यात बसून राहिली होती.

काकांनी त्या मुलाकडून सगळा प्रवास बारकाईने काढून घेतला. कुठली गाडी, कुठल्या बाजूने बाहेर पडलात, किती पैसे घेतले. मग उठले, त्याला घेऊन समोरच्या इमारतीत गेले, केस पेपरची खिडकी दाखवली, आईसाठी व्हीलचेअर कुठे मिळते ते विचारून दिलं आणि परत येऊन बसले. धाप लागली होती. पण ते आपण होऊन उठले होते आणि जवळजवळ पाऊण तास पायांवर होते.

त्याच आठवड्यात काकांनी घरी आपल्या मुलाकडून वहीचा कागद मागून घेतला आणि लिहायला बसले. तो पहिला कागद माझ्याकडे आहे. वेबिलं, म्हणजे तिकिटांच्या हिशोबाचे तक्ते, भरून घोटलेलं अक्षर, रकाने आखलेले. डावीकडे 'कुठे उतरलात', मधे 'काय करायचं', उजवीकडे 'काय करायचं नाही'. एलटीटीला (लोकमान्य टिळक टर्मिनसला) उतरलात तर कुर्ला स्टेशन गाठा, तिथून धीमी लोकल, परळला उतरा, पूर्वेला बाहेर पडा. पश्चिम रेल्वेने आलात तर प्रभादेवी, तिथूनही पूर्वेलाच. दादरला लांबच्या गाडीने आलात तर सामान आणि रुग्ण एकत्र पुलावर चढवू नका. एक जण सामानापाशी थांबा. कॅन्सरच्या रुग्णाला लोकलच्या दिव्यांग डब्यात चढता येतं, हॉस्पिटलचा कागद जवळ ठेवा. गावी परत जाताना रेल्वेच्या तिकिटात सवलत मिळते, तिचा फॉर्म हॉस्पिटलमधून भरून घ्या, निघायच्या दिवशी नाही, आधी. बसचे नंबर त्यांनी पेन्सिलीने लिहिले होते. मी विचारलं तर म्हणाले, "रूट बदलतात. शाईने लिहिलं की माणूस त्या नंबरची वाट बघत उभा राहतो."

परळमध्ये टाटा, केईएम, वाडिया अशी मोठी रुग्णालयं हाकेच्या अंतरावर आहेत. १९४१ साली टाटा मेमोरियल सुरू झालं तेव्हापासून देशभरातून कॅन्सरचे रुग्ण या भागात येतात. परळची नाना पालकर स्मृती समिती, दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अशा ठिकाणी ज्यांना जागा मिळते ते नशीबवान. बाकीचे पुलाखाली, फूटपाथवर पथाऱ्या टाकतात. या लोकांना उपचारांची माहिती द्यायला डॉक्टर आहेत, योजनांची माहिती द्यायला आम्ही आहोत. शहर समजावून सांगायला कुणी नव्हतं. काकांना ते शहर पाठ होतं.

काकांच्या मुलाने कागद टाइप केला, मराठीत आणि हिंदीत. काका सकाळी एक तास रुग्णालयाच्या दाराशी बाकावर बसू लागले. येणाऱ्याला कागद द्यायचा, दोन वाक्यं सांगायची, लागलंच तर खिडकीपर्यंत सोडायचं. काळाचौकीहून लालबाग, भारतमातावरून परळ हे अंतर ते हळूहळू चालत येऊ लागले, परतताना बस. चौथ्या केमोआधी त्यांचं खुर्चीतून उठणं बारावर गेलं होतं असं मला लिहायला आवडलं असतं. तसं घडलं नाही. त्याआधी पाय गेले.

पाय

जुलै. तिसऱ्या केमोच्या गोळ्या चालू. मुसळधार पाऊस पडून गेला होता आणि परळजवळ हिंदमाताला पाणी भरलेलं. काकांच्या तळव्यांना दोन दिवसांपासून आग होत होती. त्यांनी ती कुणाला सांगितली नाही. "लोक येऊन उभे राहतात, मी नसलो तर?" असं त्यांच्या मनात होतं. ओल्या सँडलमध्ये, साचलेल्या पाण्यातून ते आले. मी त्यांचे पाय पाहिले तेव्हा टाचांची कातडी सुटलेली, अंगठ्याखाली फोड, आणि त्यात तो चिखल.

तळपायाला भेगा असताना मुंबईच्या साचलेल्या पाण्यातून चालणं म्हणजे लेप्टोला, अशा पाण्यातून होणाऱ्या संसर्गाला, घरी बोलावणं. केमोत पेशी आधीच कमी. डॉक्टरांनी त्याच दिवशी कॅपेसिटाबिन थांबवलं, लेप्टोसाठी प्रतिबंधक औषध दिलं, आणि पाय बरे झाल्यावर गोळ्यांचा डोस कमी करून पुन्हा सुरू केला. युरिया असलेलं मलम, सुती मोजे, मऊ तळव्याचे बंद बूट, गरम पाण्यात पाय बुडवायचे नाहीत. चालणं पूर्ण बंद. फिजिओथेरपिस्टने खुर्चीत बसून करायचे व्यायाम दिले, हातांसाठी रबरी पट्टा दिला. वाढत चाललेलं खुर्चीतून उठणं घसरून नऊवर आलं.

काका खचले ते पायांमुळे नव्हे. बाकावर आपण नाही, या विचाराने. आणि इथेच या प्रकरणातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग सुरू होतो. आजारी माणसाला दुसऱ्यासाठी काही करण्यातून जे बळ मिळतं, त्याच बळापायी तो स्वतःचा ताप, स्वतःची आग लपवायला लागतो. म्हणून त्याला काम देताना ते काम टाकून घरी बसायची सोयही त्याच दिवशी करून द्यावी लागते.

मी त्यांना विचारलं, डेपोत तुम्हाला ताप आला तर बस उभी राहायची का? ते म्हणाले, "कशाला? बदली असतो की." मग आपण बदली नेमू या, म्हटलं.

डेपोतले दोन निवृत्त कंडक्टर आणि चाळीतला एक कॉलेजचा मुलगा तयार झाले. तीन आठवड्यांचा तक्ता बनला, केमोच्या चक्रावर बेतलेला. सलाईनच्या आठवड्यात काका ड्यूटीवर नाहीत. घरात, चाळीच्या गॅलरीत जमेल तेवढं चालायचं. दुसऱ्या आठवड्यात घरून फोनवर. बदलीला अडलं तर तो फोन लावणार. तिसऱ्या, गोळ्या बंद असलेल्या आठवड्यात पेशींचा रिपोर्ट बरा असेल तर बाकावर एक तास, मास्क लावून, उघड्यावर, ओपीडीच्या गर्दीत नाही. एसी बसने यायचं नाही, कारण तिच्या गार झोताने त्यांची बोटं वाकडी व्हायची. घरात थर्मामीटर, १००.४ च्या वर ताप गेला तर रात्र असो वा दिवस, थेट रुग्णालय. तळव्यांना आग व्हायला लागली तर त्याच दिवशी सांगायचं, आणि ते काकांनी सांगण्याची वाट न बघता काकींनी रोज रात्री पाय बघायचे. काकींना हे काम मिळालं तेव्हा "उठू नका" हळूहळू थांबलं, हे मी मुद्दाम नोंदवते.

आणखी दोन रेघा आखल्या. औषधाबद्दल, डॉक्टरबद्दल, 'माझ्या वेळी असं झालं' याबद्दल बोलायचं नाही. पैसे घ्यायचे नाहीत, गोळाही करायचे नाहीत. काकांना पहिली रेघ जड गेली. घाबरलेला माणूस समोर बसला की आपलं पोटाचं ऑपरेशन दाखवावंसं वाटतंच.

रुग्णाने रुग्णाला मदत करणं नवं नाही. टेरेसे लॅसर यांनी १९५२मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्वतःची स्तनाची शस्त्रक्रिया झाल्यावर इतर स्त्रियांना भेटायला सुरुवात केली, आणि त्यातून उभं राहिलेलं काम १९६९मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने आपलं मानलं. सुरुवातीला ते अनेक डॉक्टरांना रुचलं नव्हतं. आमच्याकडेही कुरबुर झाली. बाहेरचा माणूस दाराशी बसून काय सांगतो याची चिंता रास्तच आहे. कागद आधी आमच्या विभागाने तपासला आणि मगच वाटू दिला.

रक्त

एक गोष्ट त्यांना फार लागली. डेपोच्या शिबिरात ते वर्षानुवर्षं रक्त द्यायचे. दाराशी बसल्यावर रोज कुणाचा तरी नातेवाईक प्लेटलेट्ससाठी धावताना दिसायचा. "मी देऊ का?" त्यांनी विचारलं. कॅन्सर झालेल्याला आपल्याकडे रक्तदान करता येत नाही, बरं झाल्यावरही नाही. ते बराच वेळ गप्प राहिले. आपल्या अंगातली एक गोष्ट कायमची बाद झाली हे ऐकून माणसाला काय वाटत असेल, त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण प्लेटलेट्स फार तर पाच दिवस टिकतात, त्यामुळे दाता रोज नवा लागतो. तेव्हा काकांनी ओळखीतल्या धडधाकट माणसांची यादी केली : कोण कुठल्या पाळीत, कोणाचं वजन ५० किलोच्या वर, कोण प्लेटलेट्स काढायच्या मशिनला दोन तास बसू शकेल. ही यादी रक्तपेढीच्या समाजसेवकाकडे दिली. फोन आला की काका माणूस पाठवतात. हे काम पलंगावर पडूनही होतं, सलाईनच्या आठवड्यातही.

गणपती, पूल, आणि पुढे

पाचव्या केमोच्या गोळ्या २६ ऑगस्टला संपल्या आणि २७ला गणपती. सुट्टीचा आठवडा नेमका जुळला. कणकवलीजवळच्या गावी जायचं की नाही यावर घरात वाद. डॉक्टरांनी पेशी बघून परवानगी दिली, ताप आला तर काय करायचं याची चिठ्ठी आणि जवळच्या रुग्णालयाचं नाव लिहून दिलं. आरतीच्या गर्दीपासून लांब राहायचं ठरलं होतं, ते त्यांनी कितपत पाळलं देव जाणे. पण वेळेत परत आले आणि सहावा केमो चुकला नाही.

१२ सप्टेंबरला प्रभादेवीचा जुना पूल पाडण्यासाठी बंद झाला. टॅक्सी आणि बस वळसे घालू लागल्या. त्या आठवड्यात काका घरी होते. बदल्यांनी पाहणी केली, फोनवर सांगितलं, आणि कागद दोन दिवसांत बदलला. शाईने न लिहिलेले नंबर उपयोगी पडले.

सहाव्या केमोनंतर बोटांची बधिरता वाढली. शर्टाची बटणं काकींना लावावी लागायची. ऑक्सॅलिप्लॅटिन थांबवलं, शेवटचे दोन फेरे नुसत्या गोळ्यांवर झाले. शेवटी खुर्चीतून उठणं तेरा होतं. हा आकडा फार मोठा नाही, पण आठवरून सुरू करून, जुलैत घसरून, केमो पूर्ण करताना तो तिथे होता.

आता मोजूनमापून सांगायचं ते असं. उपचार चालू असताना हालचाल केल्याने थकवा कमी होतो, ताकद टिकते, मन बरं राहतं, इतकं आपण खात्रीने म्हणू शकतो; २०१९मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या तज्ज्ञांनी आठवड्यातून तीनदा अर्धा-अर्धा तास असं मापही सुचवलं. त्यापुढचा पुरावा केमो संपल्यानंतरचा आहे. जून २०२५मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे ८८९ रुग्ण होते, सगळ्यांची केमो झालेली. ज्यांना तीन वर्षं मार्गदर्शनाखाली व्यायाम करायला लावला त्यांच्यापैकी ८०.३ टक्के पाच वर्षांनी रोगमुक्त होते. नुसती माहितीपत्रकं मिळालेल्यांत हे प्रमाण ७३.९ टक्के. म्हणून काकांच्या चालण्याला खरं महत्त्व आता आलंय. डॉक्टरांनी आठवड्यातून चार दिवस पाऊण तास भरभर चालायला सांगितलंय. टाच सुजली किंवा गुडघा धरला तर थांबायचं. त्या चाचणीतही व्यायाम करणाऱ्यांना हाडा-स्नायूंचे त्रास जास्त झाले होते.

काकांची गोष्ट मी वॉर्डात इतर रुग्णांना सांगत नाही. एकदा एका नातेवाइकाने ती ऐकून आपल्या वडिलांना सुनावलं, "ते बघा, केमोतही लोकांची सेवा करतात, आणि तुम्ही?" त्या वडिलांचा रोग हाडांत पसरला होता. त्यांना उठून उभं करणंही धोक्याचं होतं. ज्याच्या अंगात उठायची ताकद नाही तो कुणाचं काही देणं लागत नाही. काकांचं ऑपरेशन यशस्वी झालं होतं, पगार चालू होता, घर चालत पोचण्याइतकं जवळ होतं, पाय बघायला काकी होत्या. यातलं एकही नसतं तर हे प्रकरण वेगळं लिहावं लागलं असतं.

सध्या दर तीन महिन्यांनी तपासणी आणि सीईएची, म्हणजे रोग परततोय का याचा अंदाज देणारी, रक्तचाचणी. पहिला अहवाल चांगला आहे. बोटं अजून बधिर आहेत, सुट्टे पैसे मोजताना त्यांना नजरेनं बघावं लागतं. बाकावरचा तक्ता चालू आहे, त्यात आता एका रुग्णाची बहीणही आली आहे. बंगाली कागद मालद्याहून आलेल्या एका रुग्णाच्या भावाने लिहून दिलाय, छापायचा बाकी आहे. त्यात रिक्षा सायनच्या पुढे येत नाही ही ओळ सगळ्यात वर घ्यायची असं काकांनी ठरवलंय, कारण शालिमारहून येणारी गाडी एलटीटीलाच लागते.